काळजी करणे आणि काळजी घेणे

मराठीत भीती ‘वाटते’ आणि ‘बसते’, घोर ‘लागतो’, धसका ‘घेतला’ जातो, जीव ‘टांगणीला लागतो’, पोटात गोळा ‘येतो’. टेन्शन ‘येते’ आणि ‘घेतले’ही जाते. काळजी या एकाच नामाची तर तीन निरनिराळी वर्तने आहेत. काळजी ‘लागते’ तेव्हा माणूस सोसणारा असतो. काळजी ‘करतो’ तेव्हा त्या सोसण्यात त्याचाही काही वाटा असतो. आणि काळजी ‘घेतो’ तेव्हा तो भीतीच्या पलीकडे जाऊन काही कृती करीत असतो. व्याकरणाच्या तासाला ही उदाहरणे देऊन आम्ही पुढच्या प्रकरणाकडे वळतो. पण हाच भेद ज्यांच्या रोजच्या कामाचा पाया आहे असा एक व्यवसाय आहे, तो म्हणजे मानसोपचाराचा. प्रौढ माणसांच्या चिंतेवर उपचार करणारे जाणते लोक आज असे सांगतात की उपचार हा माणसागणिक बेतावा लागतो. या ‘बेतण्या’विषयी, आणि त्यात भाषेचा भाग किती याविषयी, साहित्याच्या अभ्यासकांनी काही विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. आम्ही मानसोपचारतज्ज्ञ नाही. आम्ही भाषा शिकवतो, आणि इचलकरंजीत राहतो.

इचलकरंजीचा उल्लेख निव्वळ पत्ता म्हणून केलेला नाही. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी येथे पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून हे गाव कापडाच्या भरवशावर जगत आले. या गावातील प्रौढ माणसाची चिंता हवेतून आलेली नसते. खर्चीवाल्या यंत्रमागधारकाला व्यापाऱ्याकडून बिमे मिळतील की नाही हे ठाऊक नसते. मजुरी वेळेवर येईल की नाही हे माहीत नसते, वीजबिल मात्र वेळेवर येते. माग कामगाराची मिळकत पिकावर, म्हणजे विणलेल्या धाग्यांच्या मोजणीवर ठरते, त्यामुळे माग बंद राहिला की त्याचा दिवसच बुडतो. २०१६ची नोटाबंदी, २०१७चा वस्तू व सेवा कर आणि २०२०ची टाळेबंदी हे धक्के या धंद्याला लागोपाठ बसले. २००५, २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेचे पाणी चढले ते वेगळेच. अशा माणसाला ‘चिंता सोडा, सकारात्मक विचार करा’ असे सांगणे म्हणजे त्याच्या बुद्धीचा अपमान आहे, आणि तो हे मनातल्या मनात ओळखतो. उपचार बेतायचा तर पहिले माप येथे घ्यावे लागते. या माणसाच्या काळजीतील कोणता भाग परिस्थितीचा आहे आणि कोणता भाग त्या परिस्थितीवर त्याच्या मनाने चढवलेला आहे?

दुसरे माप चिंतेच्या जातीचे. एक तुलना म्हणून तीन काल्पनिक माणसे घेऊ. पहिला, चाळिशी ओलांडलेला, आठ मागांचा खर्चीवाला. त्याला रात्री झोप येत नाही. ‘समजा बिमे आली नाहीत तर? समजा हप्ता थकला तर? समजा मुलीचे लग्न लांबले तर?’ असे एका ‘समजा’तून दुसरे ‘समजा’ निघत राहते. दुसरा, रात्रपाळीचा तरुण कामगार. पहाटे दोनला मागावर उभा असताना त्याच्या छातीत एकाएकी धडधडू लागले, हातपाय गार पडले. दवाखान्यात काढलेला हृदयालेख निर्दोष निघाला, डॉक्टरांनी ‘काही झालेले नाही’ म्हटले. तरी तेव्हापासून तो जिना चढत नाही, सायकल मारत नाही आणि कोणी सोबत असल्याशिवाय पाळीला जात नाही. तिसरी, पस्तिशीतली गृहिणी, बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून एम.ए. करणारी. घरी ती एखाद्या कादंबरीवर तासभर बोलेल, पण वर्गात निबंध वाचायला उभी राहिली की तिचा आवाज बसतो. मग ती मान खाली घालून, कागदावरची नजर न हलवता, भराभर वाचून मोकळी होते.

या तिघांनाही ‘चिंताविकार’ हे एकच नाव देता येईल. आज दवाखान्यांत ‘जीएडी-७’ नावाची सात प्रश्नांची एक प्रश्नावली सर्रास वापरली जाते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रश्नावलीत मागील दोन आठवड्यांतील त्रासाला शून्य ते एकवीस असे गुण पडतात. या तिघांचे गुण सारखे येणे अशक्य नाही. मात्र तिघांच्या मनातले यंत्र निराळे आहे. पहिल्याला अनिश्चितता सोसत नाही. प्रत्येक शक्यतेचा निकाल आजच रात्री लागावा असे त्याला वाटते, आणि विचार करीत राहणे हेच त्याला काम केल्यासारखे वाटू लागते. त्याच्या बाबतीत ज्यावर उद्या काही करता येईल अशा अडचणी आणि नुसते ‘समजा’ यांची वेगळवेगळी वाटणी करावी लागते. दुसऱ्याने शरीराच्या साध्या हालचालीचा अर्थ ‘मरण’ असा लावला आहे. डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली भीतीच्या झटक्याची मीमांसा मांडली ती याच धर्तीवर आहे. त्याला उपचारक जागच्या जागी धावायला लावतो आणि धडधड मुद्दाम आणवतो. धडधडीने काही होत नाही हे ऐकून पटत नाही, अनुभवून पटते. तिसरीचे लक्ष श्रोत्यांवर नसून स्वतःवर आहे. ‘मी कशी दिसते आहे’ याच्या तपासणीत तिची सगळी शक्ती खर्च होते, आणि खाली घातलेली मान हा तिला आधार वाटत असला तरी तोच तिची भीती टिकवतो. तिला मान वर करून, श्रोत्यांतील दोन चेहरे पाहत वाचायला सांगावे लागते. म्हणजे पहिल्याचे औषध तिसरीला दिले तर ते निरुपयोगी, आणि तिसरीचे दुसऱ्याला दिले तर हास्यास्पद.

तिसरे माप भाषेचे, आणि येथे एका मराठी परंपरेचा उल्लेख करणे आवश्यक आहे. अमेरिकेतील अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी १९५५ साली आपली उपचारपद्धती मांडली. पुढे तिचे नाव दोनदा बदलले. मराठीत ती ‘विवेकनिष्ठ मानसोपचार’ म्हणून ओळखली जाते. घटना आपल्याला अस्वस्थ करीत नाहीत, घटनांविषयीचे आपले आग्रह अस्वस्थ करतात, हे तिचे सूत्र. एलिस यांनी त्याचे ऋण एपिक्टेटस या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञापर्यंत नेऊन पोहोचवले होते. मुंबईचे मानसतज्ज्ञ कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार केला, ही पद्धत आत्मसात केली आणि ती भारतात रुजवली. एलिस यांच्या संस्थेचे फेलो व सुपरवायझर म्हणून मान्यता मिळालेले ते पहिले भारतीय. ठाण्यात १९९० साली ‘आय.पी.एच.’ ही मानसिक आरोग्याची संस्था उभी करणारे डॉ. आनंद नाडकर्णी हे फडक्यांना गुरू मानतात. अंजली जोशी यांनी एलिस यांचे विचार मराठी वाचकांपर्यंत आणले. या मंडळींच्या कामाचे आम्हांस विशेष वाटते ते असे की त्यांनी पारिभाषिक शब्दांची नुसती भाषांतरे केली नाहीत. त्यांनी ही पद्धत मराठी संसारात नेऊन वापरून पाहिली. नाडकर्णी यांच्या एका पुस्तकाचे नावच ‘विषादयोग’ आहे. गीतेच्या पहिल्या अध्यायातील अर्जुन आठवावा. तोंडाला कोरड, अंगाला कंप, हातून निसटणारे धनुष्य, उभे राहण्याचेही त्राण नसणे ही लक्षणे आजच्या कोणत्याही तज्ज्ञाला ओळखीची वाटतील. आणि त्यावरचा संवाद एका वाक्यात आटोपत नाही, तो अठरा अध्याय चालतो, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

एलिस यांच्या मते चिंतेच्या मुळाशी एक हट्टी क्रियापद असते. ‘मला यश मिळालेच पाहिजे’, ‘लोकांनी मला चांगले म्हटलेच पाहिजे’, ‘जग माझ्या सोयीने चाललेच पाहिजे’. उपचाराचा गाभा हा की या ‘पाहिजे’ची इच्छा व्हावी, आग्रह राहू नये. मराठी व्याकरणात या रूपांतरासाठी वेगळी खटपट करावी लागत नाही. ‘मुलगा इंजिनिअर झालाच पाहिजे’ आणि ‘मुलगा इंजिनिअर व्हावा’ या दोन वाक्यांत जे अंतर आहे, तेच अंतर उपचाराला कापायचे असते. दुसऱ्या वाक्यात इच्छा तेवढीच उत्कट असू शकते. ती पुरी झाली नाही तर दुःखही होईल. पण आभाळ कोसळणार नाही. आपण ज्याला विध्यर्थ म्हणतो त्यात मागणे आहे, हुकूम नाही. ज्ञानेश्वरांचे पसायदान या व्यापक मागण्याचे सर्वांत थोर उदाहरण आहे, आणि ते तर विश्वासाठी मागणे आहे. तसेच ‘काळजी करणे’ आणि ‘काळजी घेणे’. एलिस यांची पद्धत निरोगी आस्था आणि घातक चिंता यांत भेद करते. हा भेद समजावून सांगायला इंग्रजी पुस्तकांची पाने खर्ची पडतात, आणि आपल्याकडची कोणतीही आजी मुलाला एसटीत बसवताना तो करून मोकळी होते. ‘आमची काळजी करू नको, जिवाची काळजी घे.’

याचा अर्थ मराठी बोलणारा माणूस जन्मतःच बरा झालेला असतो असा मुळीच नाही. भाषेत भेद असणे वेगळे आणि तो रात्री दोन वाजता स्वतःवर लागू करता येणे वेगळे. आमचे म्हणणे इतकेच की जो उपचारक समोरच्याच्या बोलीतील हे भेद ऐकतो, त्याला अर्धे काम तयार मिळते. जो ऐकत नाही त्याला ते परक्या शब्दांत पुन्हा उभे करावे लागते. जीएडी-७चा पहिलाच प्रश्न पाहा. त्यात अस्वस्थतेच्या तीन छटा एकत्र विचारल्या आहेत, आणि इंग्रजीत ते तिन्ही शब्द नित्याच्या बोलण्यातले आहेत. त्यांच्या जागी संस्कृतप्रचुर शब्द घातले तर कांडी भरणारी बाई ‘नाही’ असेच उत्तर देईल. तिला ‘जिवाला घोर लागलाय का’ असे विचारावे, मग ती बोलू लागेल. शिवाय हे गाव एकभाषी नाही. सीमेलगतची कन्नड, राजस्थानी व्यापाऱ्यांची मारवाडी, उत्तरेकडून आलेल्या कामगारांची हिंदी–भोजपुरी या सगळ्या भाषांतून येथे माणसे घाबरतात. प्रत्येक भाषेत भीतीची क्रियापदे निराळी असणार.

येथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. माणसागणिक उपचार बदलायचा तर पद्धत उरते कोठे? ज्याला जे गोड लागेल ते देणे म्हणजे उपचार का? हा आक्षेप पोकळ नाही. जर्मनीतील शुल्टे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली भयगंड असलेल्या १२० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना सर्वांसाठी ठरवलेला एकच उपचार दिला आणि काहींसाठी उपचारकांनी आपल्या मताने उपचार बेतला. अपेक्षा अशी होती की बेतलेला उपचार सरस ठरेल. सरस ठरला तो ठरलेला उपचार. कारण शोधणे फारसे अवघड नाही. भयगंडावर खरे औषध म्हणजे ज्याची भीती वाटते त्याला सामोरे जाणे. ठरलेल्या उपचारात त्यातून सुटका नसते. उपचार ‘बेतण्याच्या’ नावाखाली मात्र उपचारक नकळत रुग्णाच्या कलाने जाऊ शकतो, आणि भित्र्या माणसाचा कल नेहमी टाळण्याकडेच असतो. आमच्या कामगाराला सोबत हवी असते. सोबत देत राहणारा उपचारक त्याला आवडेल, पण बरे करणार नाही.

म्हणून आमचे मत असे की बेतण्याच्या दोन गोष्टी नीट वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. कोणत्या जातीच्या चिंतेवर काय चालते हा भाग शास्त्राचा आहे. तो उपचारकाच्या लहरीवर किंवा रुग्णाच्या आवडीवर सोडू नये. भीतीला सामोरे जाणे हे त्यातील न वगळता येणारे कलम आहे. मात्र कोणत्या पायरीपासून चढायचे, पायरी किती उंच असावी, कोणते उदाहरण द्यावे, कोणत्या शब्दांत विचारावे, हे सर्व माणसाचे आहे आणि ते त्याच्याच मापाने व्हावे. शिंपी गिऱ्हाइकाच्या अंगाप्रमाणे सदरा बेततो, म्हणून तो बाही एकच ठेवत नाही.

एलिस यांचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. स्त्रियांशी बोलण्याची भीती घालवण्यासाठी एकोणीस वर्षांच्या एलिस यांनी न्यूयॉर्कमधील एका उद्यानात महिनाभर जाऊन शंभरेक अनोळखी स्त्रियांशी आपणहून बोलणे केले, ही त्यांनीच सांगितलेली हकिकत आहे. पुढे ते रुग्णांना लाज घालवण्याचे व्यायाम देत. केळ्याला दोरी बांधून ते पाळीव कुत्र्यासारखे रस्त्याने फिरवावे, लोक हसले तर हसू द्यावे. तत्त्व बरोबर आहे. लोकांच्या हसण्याने माणूस मरत नाही, हे त्यातून कळते. पण हाच व्यायाम आमच्या काल्पनिक गृहिणीला जशाच्या तसा देता येईल काय? न्यूयॉर्कच्या गर्दीत एलिस यांना कोणी ओळखत नव्हते. येथे गल्लीत तिला सगळे ओळखतात, आणि ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न तिच्या डोक्यातला भ्रम नव्हे. लोक खरोखरच म्हणतात, आणि त्याची किंमत सून म्हणून तिलाच मोजावी लागते. परजातीय विवाह केलेला तरुण, भाड्याची खोली शोधणारा दलित किंवा मुसलमान कामगार यांच्या भीतीलाही हेच लागू आहे. उपचारकाला या समाजाची जाण नसेल तर तो वास्तव धोक्याला ‘अविवेकी विचार’ म्हणून मोकळा होईल. जाण असेल तर तो तत्त्व तेच ठेवून पायरी बदलेल. ती वर्गात एक प्रश्न विचारील. दुसऱ्या आठवड्यात जाणूनबुजून एक वाक्य अडखळत वाचील आणि कोणी किती लक्ष दिले ते मोजील. तिसऱ्या आठवड्यात मान वर करून पूर्ण निबंध वाचील. दोरीला बांधलेल्या केळ्याचे काम अडखळलेल्या वाक्याने होईल.

श्रद्धेच्या बाबतीतही असेच म्हणता येईल. चिंतेने ग्रासलेला माणूस आमच्या भागात आधी नृसिंहवाडीला जातो, कोणी अंगारा आणतो, कोणी देवऋष्याकडे जातो, मग केव्हातरी डॉक्टरकडे येतो. अशा माणसाची टर उडवणारा उपचारक पहिल्याच भेटीत रुग्ण गमावतो. उलट सगळ्याला मान डोलावणारा उपचारक त्याला कोठेच नेत नाही. नमस्काराने मन शांत होत असेल तर ते व्हावे. पण नमस्कार राहिला म्हणून पाळीला गेलो नाही, असे झाले की तोही टाळण्याचाच एक प्रकार झाला. हा भेद करायला विज्ञानाबरोबर थोडी सहृदयता लागते. ‘सहृदय’ हा शब्द आपण रसचर्चेत वाचकासाठी वापरतो. तो येथेही चपखल बसतो.

अर्थात समुपदेशनाने सर्व काही होते असा आमचा दावा नाही. थायरॉइडचे विकार, रक्तक्षय, झोपेचा अभाव, चहा–तंबाखूचा अतिरेक यांनीही धडधड आणि अस्वस्थता येते. म्हणून आधी शरीराची तपासणी व्हावी. कित्येकांना औषधे घ्यावी लागतात, त्यात कमीपणा नाही. आणि मजुरीचा प्रश्न मजुरी वाढल्यानेच सुटतो. तो मनोधैर्याच्या व्याख्यानाने सुटत नाही. मानसोपचाराने एवढे होते की माणूस तो प्रश्न सोडवायला शुद्धीवर राहतो.

असा जाणता उपचार आपल्या माणसांना मिळतो का, हा खरा प्रश्न आहे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५–१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात निरनिराळ्या मनोविकारांच्या बाबतीत ७० ते ९२ टक्के लोक उपचारांवाचून राहतात असे आढळले. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता, पण म्हणून आपण निर्धास्त राहावे असे काही नाही. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशी सेवा मिळणे हा हक्क ठरवला. ऑक्टोबर २०२२पासून ‘टेलिमानस’ ही १४४१६ क्रमांकाची मोफत दूरध्वनी सेवा सुरू झाली आणि तीवर मराठीतून बोलता येते. या सोयी स्वागतार्ह आहेत. पण दूरध्वनीच्या पलीकडच्या माणसाला ‘काळजाचं पाणी झालंय’ आणि ‘जीव घाबरा होतोय’ यांतील फरक कळला, तरच ती सोय गिरणीतल्या माणसापर्यंत पोहोचेल.

आणि हे काम कोणी करायचे? आमच्या मते यातील एक वाटा मराठीच्या विभागांचा आहे. एम.ए.च्या प्रकल्पांसाठी आपण त्याच त्या कादंबऱ्यांतील ‘ग्रामीण जाणीव’ वर्षानुवर्षे तपासून घेतो. त्याऐवजी एखाद्या वर्षी विद्यार्थ्यांना आपल्याच गल्लीतील, मागावरील, कांडीवरील, वहिफणीवरील माणसांच्या बोलीतून भीतीचे आणि काळजीचे शब्दप्रयोग गोळा करायला सांगावे. ते कोणत्या प्रसंगी वापरतात, कोणते बायकाच वापरतात, कोणते शरीराच्या कोणत्या अवयवाशी जोडलेले आहेत, याची नोंद व्हावी. कोणाचेही नाव न घेता केलेला असा कोश जिल्ह्यातील समुपदेशकांच्या, डॉक्टरांच्या आणि आशा सेविकांच्या हाती द्यावा. भाषाविज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला याहून उपयोगी क्षेत्रकार्य कोणते असेल, हे आम्हांस तरी सुचत नाही.

साहित्याचा शिक्षक विद्यार्थ्याला एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगत असतो. संहिता आधी तिच्या स्वतःच्या शब्दांत वाचा, सिद्धान्त हाताशी असू द्या, पण तो तिच्यावर लादू नका, आणि लादायचा नाही म्हणून सोडूनही देऊ नका. चांगला उपचारक समोरच्या घाबरलेल्या माणसाशी नेमके हेच करतो. आपण संहितेची काळजी घ्यायला शिकलो आहोत. आपल्या गावातील माणसांची नुसती काळजी करण्याऐवजी ती घेण्यात आपल्या विद्येचा काही उपयोग व्हावा, अशी आमची इच्छा आहे. ती आम्ही मुद्दामच विध्यर्थात मांडली आहे.